'पीटर पॅन': डार्लिंग आणि हुक एकाच नटाला द्यावेत का?

तिसरीघंटा:
उन्हाळी शिबिराच्या शेवटी 'पीटर पॅन'चं दीड तासाचं मराठी रूपांतर करतोय. मुलांच्या भूमिकांत १० ते १४ वयाची मुलं, बाकी मोठे नट. मुलांचे बाबा मि. डार्लिंग आणि चाच्यांचा म्होरक्या कॅप्टन हुक एकाच नटाने करायची परंपरा आहे म्हणतात. त्यात काही अर्थ आहे की नुसती नटांची बचत? शेवटच्या प्रवेशात कपडे बदलायला वेळ पुरतो का? आणि टिंकर बेल ही परी नुसत्या प्रकाशाने दाखवली तर मुलांना कळेल?

विंगेतून:
परंपरा पहिल्याच प्रयोगाची आहे. २७ डिसेंबर १९०४, लंडनचं ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटर, दोन्ही भूमिकांत जेराल्ड द्यु मॉरिए. बचत होतेच, पण संहितेतही त्याला आधार आहे. औषधाचा प्रसंग दोनदा येतो. पहिल्या अंकात बाबा स्वतःचं औषध चुकवतात आणि नाना या कुत्रीच्या भांड्यात ओतून दूध म्हणून तिला पाजतात. चौथ्या अंकात हुक झोपलेल्या पीटरच्या औषधात विष घालतो. दोन्ही प्रसंग तालमीत लागोपाठ बसवा. बाटली तेवढीच, मागे वळून बघणं तसंच, ओतायचा हातही तोच. कादंबरीत हुकचा उजवा हात तुटलेला आहे (डिस्नेने १९५३ च्या चित्रपटात डावा केला). उजवाच ठेवलात तर विष डाव्या हाताने ओतलं जाईल, म्हणून डार्लिंगलाही डावाच हात द्या. तलवारही डाव्या हातात येते, तेव्हा द्वंद्वाच्या तालमी लवकर सुरू करा.

'हा तर बाबांसारखा दिसतो!' असलं वाक्य कृपया घालू नका. मुलं बरोबर ओळखतात. आणि डार्लिंगला बावळट करू नका. घरात आपल्याला कुणी मान देत नाही ही त्याची ठसठस, आणि हुकला कुलीन शिष्टाचाराचं वेड. दोघांचं दुखणं एकच.

कपड्यांचं सोपं आहे. शेवटी डार्लिंग प्रायश्चित्त म्हणून कुत्र्याच्या घरात राहत असतो, त्यामुळे कमरेच्या वरचंच बदलावं लागतं. काळी पँट दोन्हीकडे चालते. मिशी चिकटवलेली नको, घाईत ओढली की वरचा ओठ लाल होतो. नटाची स्वतःची असेल तर दोघांनाही तीच ठेवा. हुकचा आकडा पट्ट्याने बांधू नका. आत आडवी मूठ ठेवून ती नटाने नुसती धरावी, म्हणजे सोडली की सुटते. विंगेत दोन माणसं हवीत, एक विगला, एक कोटाला. तरी आई आणि मोलकरीण लायझाचा संवाद दीड मिनिटापर्यंत ताणून ठेवा.

डिमरबोर्ड:
टिंकर बेलबद्दल. मूळ प्रयोगातही ती प्रकाशाचा ठिपका आणि घंटेचा आवाज एवढीच होती. अरुंद झोताचा एलईडी टॉर्च विंगेत घट्ट बसवा, झोत हातातल्या छोट्या आरशावर घ्या आणि आरसा फिरवा. लेझर पॉइंटर अजिबात नको, समोर मुलांचे डोळे असतात.

बहुतेक ठिकाणी ठिपका सतत भिरभिरतो आणि नट भलतीकडेच बघत बोलतात. म्हणून जागा चारच ठरवा: सुरई, खण, पलंगाची कड, पीटरचा खांदा. बोलताना ठिपका स्थिर ठेवून किंचित थरथरवायचा, जागा बदलताना घंटा बंद. रंगमंचावरचा उजेड त्या वेळी निम्म्याखाली आणा, नाहीतर पाचव्या रांगेपुढे काही दिसत नाही.

पारावरचा:
दोन गोष्टी राहिल्या. बेटावरच्या टायगर लिलीच्या 'रेड इंडियन' टोळीचं मूळ चित्रण आज चालत नाही. तिला 'आदिवासी' करून पिसं लावलीत तर तोच दोष मराठीत येतो. बेटावरच्या दुसऱ्या मुलांच्या गटाची म्होरकी करा, कथानकाचं काही अडत नाही.

दुसरं, पीटरला गोड करू नका. तो विसरभोळा आणि निष्ठुर आहे. डार्लिंगांची मुलगी वेंडी त्याला तिच्याबद्दलच्या भावना विचारते तेव्हा तो 'एकनिष्ठ मुलाच्या' असं उत्तर देतो, आणि तिला काय हवं होतं ते त्याला कळतच नाही. मुलीने पीटर करायला हरकत नाही, १९०४ मध्ये नीना बूसिकॉने केला होता. आपल्याकडे 'अलबत्या गलबत्या'ची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि मग वैभव मांगलेंनी केली ते कुठे खटकलं?

हक्कांचं म्हणाल तर मूळ नाटककार जे. एम. बॅरी १९३७ मध्ये गेले, त्यामुळे भारतात मूळ नाटक मुक्त आहे. डिस्नेची गाणी मात्र मुक्त नाहीत. ब्रिटनमध्ये प्रयोग केलात तर बॅरींनी ज्याला हक्क दिले त्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलला मानधन द्यावं लागतं.

तिसरीघंटा:
आभार. विष प्यायलेली टिंकर बेल वाचावी म्हणून प्रेक्षकांकडे टाळ्या मागायच्या तिथे कुणी वाजवल्याच नाहीत तर? आणि उडण्याचं?

डिमरबोर्ड:
बॅरींनाही तीच धास्ती होती. त्यांनी वाद्यवृंदाला वाद्यं खाली ठेवून टाळ्या वाजवायला सांगून ठेवलं होतं. तुम्ही चौथ्या-पाचव्या रांगेत दोघांना बसवा. ठिपका पूर्ण विझवू नका, दहा टक्क्यांवर धरा आणि टाळ्या ऐकत हाताने चढवा. ठरलेल्या सेकंदांचा क्यू लावलात तर टाळ्या सुरू होण्याआधीच ती जिवंत होते.

घरगुती दोरीवर मुलं टांगू नका. पलंगाला चाकं, मागे पडद्यावर सावल्या, तेवढ्यावर भागतं. परीची धूळही बॅरींनी नंतर घातली, कारण मुलं घरी जाऊन पलंगावरून उड्या मारत होती आणि पालकांची तक्रार आली होती. ते वाक्य कापू नका.