मदत हवी आहे: बाबांचं पोटॅशियम ६.१, जेवायला द्यायचं तरी काय?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ८.५०
बाबांची किडनी निकामी झालीय. त्यांचा आजचा रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम ६.१. मागच्या महिन्यात ५.३ होतं. आई सगळं पथ्याचंच करते. केळी बंद, पालेभाजी बंद, डाळ तर नावाला, मीठसुद्धा बदललं. तरी वाढतंय! फ्रिजवर तक्ता लावलाय त्यात नुसतं हे टाळा, ते टाळा. खायचं काय ते कुणीच सांगत नाही. दोन महिन्यांत बाबा निम्मे झालेत. काल ताटावरून उठून गेले. नेटवर एक जण सफरचंद चालतं म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. कुणीतरी मला पूर्ण आठवड्याचा तक्ता द्या. मी उद्या दुपारी कऱ्हाडहून पुण्याला परत निघतोय, त्याआधी हवाय.

वरणभात | रात्री ८.५८
तक्ता राहू दे. ६.१ डॉक्टरांना कळवलंय का? नसेल तर हे वाचणं थांबवून आधी फोन लाव. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि त्याआधी काही त्रास जाणवेलच असं नाही. ईसीजी आजच काढायला हवा.
मग हे सांग: डायलिसिस चालू आहे का? क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) किती? लघवी किती होते? शुगर आहे? बीपीची गोळी कोणती?

जुनाजाणता | रात्री ९.०५
किडनीसाठी कुळथाचं कढण रोज सकाळी अनशापोटी आणि दिवसभरात चार लिटर पाणी. माझ्या मेहुण्याचा आठ मिलिमीटरचा खडा पंधरा दिवसांत पडला. ऑपरेशन टळलं.

मधुमालती | रात्री ९.१२
काका, हा मुतखडा नाही. ज्याची लघवी कमी झालीय त्याला चार लिटर पाणी पाजलं तर ते फुप्फुसात साठतं. माझ्या आईला असंच मध्यरात्री बसून श्वास घेताना पाहिलंय मी. कृपा करून असं लिहू नका, कुणीतरी करून बघेल.

कृष्णाकाठ | रात्री ९.२०
डॉक्टरांशी बोललो, ईसीजीला निघालोय. डायलिसिस चालू आहे, लिहायचं राहिलं. ऑगस्टपासून, बुधवार-शनिवार. शुगर वीस वर्षं. बीपीची गोळी टेल्मिसार्टन. लघवी दिवसाला जेमतेम दोन पेले.

शेवगा | रात्री ९.३१
डायलिसिसला एकदा चिकटलात की सुटत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी पुनर्नवा-गोखरूचा काढा सुरू केला, क्रिएटिनिन ७ वरून ४ वर आलं. विचार करा.

मधुमालती | रात्री ९.४०
शेवगा, त्या शेजाऱ्यांची किडनी अचानक बिघडली होती की वर्षानुवर्षं झिजली होती? जुलाब-उलट्यांनी किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी अचानक बसलेली किडनी पुष्कळदा आपणहून सावरते, आणि श्रेय काढ्याला जातं. वीस वर्षांच्या शुगरने झिजलेली तशी परतत नाही. आम्हीही भुललो होतो. दोन डायलिसिस चुकवून आईला पुड्या दिल्या, त्यात भस्म होतं हे नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी ती अतिदक्षता विभागात होती. वैद्यांवर माझा राग नाही. पण किडनीच्या डॉक्टरांना न सांगता काहीही पोटात जाता कामा नये.

शेवगा | रात्री ९.४६
मी डायलिसिस बंद करा असं म्हटलेलं नाही. शेजाऱ्यांना विचारून सांगतो.

वरणभात | रात्री ९.५२
खरा महत्त्वाचा प्रश्न: तो फ्रिजवरचा तक्ता कधीचा?

कृष्णाकाठ | रात्री ११.३५
ईसीजी ठीक आहे. पोटॅशियम कमी करायची पावडर दिली, उद्या सकाळी सहाला पहिल्या पाळीत डायलिसिस. तक्ता मार्चमधला आहे, डायलिसिस सुरू व्हायच्या आधीचा. का?

वरणभात | रात्री ११.४४
इथेच गाडं अडलंय. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी ठेवतात, किलोमागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की उलट होतं, १ ते १.२ ग्रॅम लागतात, कारण प्रत्येक वेळी थोडी रक्तातून निघून जातात. तुझे बाबा ५८ किलोचे असतील तर दिवसाला ५८ ते ७० ग्रॅम. डाळ तोडून, दूध तोडून ती येणार कुठून? म्हणून खंगलेत. तक्ता चूक नव्हता, त्याची वेळ गेली. केंद्रातल्या आहारतज्ज्ञाकडून नवा लिहून घे. सर्वात सोपं उकडलेल्या अंड्याचं पांढरं.

कृष्णाकाठ | रात्री ११.४९
बाबा माळकरी आहेत. अंडं घरात येत नाही.

जुनाजाणता | रात्री ११.५५
औषध म्हणून चालतं अंडं. पांडुरंग रागवत नाही.

मधुमालती | बुधवार, सकाळी ५.५०
काका, चाळीस वर्षं माळ जपलेल्या माणसाला आजारपणात ते सांगू नये. त्याचं मन त्यावर तरलेलं असतं. घरचं पनीर, वाटीभर दही, मुगाची डाळ, असं बसवता येतं. यात फॉस्फरस असतो, म्हणून तो अंगात शोषू न देणारी गोळी जेवणाबरोबरच घ्यायची. आईला आम्ही ती झोपताना द्यायचो, काही उपयोग नव्हता.
भाज्या बंद नका करू. साल काढून बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओता, मग फोडणी. बटाटासुद्धा असा कधीमधी चालला आम्हाला. पातळ रस्सा आणि आमटीचं वरचं पाणी टाळा. सफरचंद थोडं चालतं. नारळपाणी अजिबात नको, भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो.
आणि "मीठ बदललं" म्हणजे नक्की काय केलंत?

कृष्णाकाठ | सकाळी ७.१५
आत्याने कमी सोडियमचं मीठ आणून दिलं. बीपीला चांगलं म्हणून. तीन आठवडे तेच वापरतोय.

वरणभात | सकाळी ७.१९
पाकिटाची मागची बाजू वाच. पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का?

कृष्णाकाठ | सकाळी ७.२६
आईला फोन करून वाचायला लावलं. आहे. 😔 म्हणजे केळी बंद करून आम्ही चमच्याने पोटॅशियमच घालत होतो.

मधुमालती | सकाळी ७.३०
आईला दोष देऊ नकोस, आत्यालाही नाही. निरोगी माणसाला ते मीठ ठीक. यांना साधंच मीठ, पण मोजून. लोणचं-पापड बंद. सैंधवाच्या मागेही लागू नका, तेही सोडियमच. टेल्मिसार्टननेही पोटॅशियम थोडं वाढतं, पण गोळी स्वतःहून थांबवू नकोस, आज डॉक्टरांना विचार.

मांडवीतीर | सकाळी ८.०२
गोव्यातून लिहितोय. टाळायच्या यादीत एक फळ कुणी घालत नाही: करमल, म्हणजे स्टारफ्रूट. पाच धारांचं आंबट, कापलं की चांदणी दिसते. किडनीच्या रोग्याला त्याने उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. आमच्याकडे ते परसात असतं, लोणचं घालतात, म्हणून मी जाईन तिथे हे सांगतो.

रुग्णमित्र | सकाळी ८.४०
आठवड्यातून दोनदाच का? तीनदा असतं तर पोटॅशियम इतकं साठलं नसतं.

कृष्णाकाठ | सकाळी ८.४४
खर्च. एवढंच कारण.

रुग्णमित्र | सकाळी ८.५५
महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेट. जिल्हा रुग्णालयातही राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचं केंद्र आहे का विचार. योजनेतली किडनी प्रत्यारोपणाच्या खर्चाची मर्यादा २०२३ मध्ये २.५ लाखांवरून ४.५ लाखांवर नेली आहे. घरात कुणी दाता आहे का?

शेवगा | सकाळी ९.१०
चौसष्ट-पासष्टच्या माणसाला प्रत्यारोपण कशाला सुचवताय? पोरांचं नुकसान.

रुग्णमित्र | सकाळी ९.१४
वय त्याने अजून सांगितलेलंच नाही. आणि नुसत्या वयावर डॉक्टरही ठरवत नाहीत.

कृष्णाकाठ | दुपारी १.२०
बाबा ६१. आई द्यायला तयार आहे, बाबा ऐकत नाहीत. तो विषय आज नको.
डायलिसिस झालं. मिठाचं पाकीट केंद्रात दाखवलं, सिस्टरांनी बाकीच्या चार घरांनाही विचारलं, आणखी एका घरात तेच निघालं. टेल्मिसार्टनचा डोस कमी केलाय, शनिवारी परत तपासणी. शनिवारी दुपारी नवा तक्ता मिळेल. पुण्याला जाणं रविवारवर ढकललं.
आज मुगाचं वरण आणि दही-भात जेवले, ताट पूर्ण केलं. आता एकच विचारायचंय: शनिवारी मशिनवर चार तास असतात, तेव्हा मध्ये खायला डबा दिला तर चालतो का? बाजूच्या खाटेवरचे आजोबा खात होते, पण त्यांचं बीपी एकदम उतरलं.