अनुभव धागा : तुम्ही काढलेला फोटो आज कुणाच्या भिंतीवर आहे?

कऱ्हाकाठ
मंडळी, गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. विशीतला पोरगा असावा. "काका, तुम्ही पूर्वी जेजुरीत पेपरसाठी फोटो काढायचात ना? आमचे आजोबा गेले. सोमवतीच्या पालखीत तुम्ही काढलेला त्यांचा फोटो छापून आला होता. कात्रण पार विरलंय. दहाव्याला लावायला दुसरा फोटोच नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात ते आमचे आजोबा वाटतच नाहीत."

पोटात कालवलं. मी तेव्हा सासवड-जेजुरी पट्ट्यात फ्रीलान्स करायचो. पगार नाही, ओळखपत्र नाही, छापून येईल त्या फोटोचे पैसे. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला निघाली की भंडाऱ्याने समोरचा माणूस दिसायचा नाही. कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी, वर रबरबँड, फक्त लेन्सचं तोंड उघडं आणि त्यावर यूव्ही फिल्टर. तरी घरी आल्यावर रोल गुंडाळायच्या कडीतून हळद निघायचीच. दुपारी रोल पाकिटात घालायचा, वर 'प्रेस, अर्जंट' लिहायचं आणि पुण्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा. रोल तिकडे धुतला जायचा, पण निगेटिव्ह मी भांडून परत आणायचो. त्या भांडणाचं आज सोनं झालं.

माळ्यावरच्या पेटीत ते निगेटिव्ह सापडलं. त्या आजोबांच्या खांद्यावर घोंगडी, पापण्यांवर भंडाऱ्याचा थर, आणि तोंड 'येळकोट'मधल्या 'ये'वर उघडलेलं. मोठी प्रिंट काढून स्वतः नेऊन दिली. घरातल्या म्हाताऱ्या आजीने फोटोवरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाली, "बघ, दात सगळे होते तेव्हा."

गावोगावी असे फोटो काढणारे इथे बरेच आहेत. लिहा, सुचेल तसं.

मु. पो. फलटण
काका 🙏 दुसरं काही लिहवत नाही. जेवण करून येतो.

तालमीतला
मी कोल्हापूरचा. कुस्त्यांचे फोटो काढतो, गावच्या जत्रेतल्या मैदानांपासून खासबागपर्यंत. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग असं उतरतं आहे की शेवटच्या पायरीवरच्यालाही पट काढलेला (पाय धरून पाडलेला) दिसतो. पण फोटोवाल्याला आखाड्याच्या कडेला पोटावरच झोपायला लागतंय. उभ्याने काढलेल्या फोटोत पैलवान बुटका दिसतो आणि त्याचा वस्ताद आपल्याशी महिनाभर बोलत नाही. माती साधी नसते, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. ती लेन्सच्या रिंगमध्ये गेली की रिंग करकरते. शर्ट तर वेगळाच ठेवलाय.

एका पोराची पहिली इनामी कुस्ती, चितपट केल्यावर बापाने खांद्यावर घेतलं तो फोटो मी काढला. बाप हमाली करायचा. फोटोचे पैसे द्यायला आला तेव्हा चिल्लर रुमालात बांधून आणली होती. घेतले नाहीत म्हणून रागावला, मग घेतले. तो फोटो त्यांच्या दारावर आहे, देवाच्या फोटोच्या बरोबरीने.

सुपारी_हळकुंड
मी लग्नाच्या ऑर्डरी घेते, आमच्या भागात बाईमाणूस कॅमेरा घेऊन आलं की आधी सगळे नवऱ्या मुलाच्या बहिणीची मैत्रीण समजतात. पण एक फायदा सांगते. नवरी तयार होते ती खोली, बांगड्या भरणं, आई-लेकीची दारामागची रडारड, हे पुरुष फोटोग्राफरला कधी मिळत नाही. मला कुणी बाहेर जा म्हणत नाही.

एका हळदीला नवरीची आजी कोपऱ्यात बसलेली. विधवा म्हणून पुढे येईना. सगळ्या सुवासिनी नवरीला हळद लावतायत आणि ही लांबून बघतेय, हात मांडीवर घट्ट. मी नवरीला एवढंच म्हटलं, आजीबरोबर एक काढूया. नवरी हळदीच्या अंगाने तशीच उठली आणि जाऊन आजीच्या गालाला गाल लावला. दोन्ही गाल पिवळे. कुणी काही बोललं नाही, एक मावशी डोळे पुसत होती. अल्बममध्ये ते पान मी पूर्ण पानभर लावलं. करिझ्मा अल्बमची (फोटो थेट पानावरच छापलेला असतो तो) इतर पानं लोक भराभर उलटतात, त्या पानावर थांबतात.

पाटावरची_आमटी
अंगावर काटा आला गं.
(अवांतर : हळदीचे डाग पांढऱ्या कॅमेरा पट्ट्यावरून कसे काढायचे? लेकाने नवीन घेतलाय.)

सुपारी_हळकुंड
साबणाने धू आणि कडक उन्हात वाळत घाल. हळदीचा रंग उन्हात उडतो. साबण लावल्यावर लाल होईल, घाबरू नकोस.

मु. पो. फलटण
आलो. आमच्याकडे वर्षाचा सण म्हणजे माउलींची पालखी. लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. दुतर्फा दिंड्या आणि मधून माउलींचा अश्व. तो एवढा जोरात येतो की दुसरा फोटो घ्यायला वेळ नाही. आधी फोकस जमिनीवर लावून ठेवायचा आणि श्वास धरायचा. अश्व गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात. माझ्या मते खरा फोटो तिथे आहे, पण तोवर निम्मे फोटोवाले स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेले असतात. बाबांनो, मान वर करा!

२०२० ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. मी सवयीने लिंबाजवळ गेलो. रस्ता मोकळा, एक म्हातारी माळकरीण रस्त्याला नमस्कार करत होती. दुरून एकच फोटो काढला. कुणालाही विकला नाही, विकणार नाही.

नदीपल्याड
फलटणला कुठे तुम्ही? माझं माहेर मलठण.

मु. पो. फलटण
काय सांगता ताई! मी शुक्रवार पेठेतला. राम मंदिराजवळ या कधी, चहा पाजतो.

नदीपल्याड
रथयात्रेला येणार आहे. आई एकटी असते तिकडे, गुडघ्यामुळे तिला जमत नाही आता. रथाचे दोन-चार फोटो तिच्यासाठी पाठवाल का यंदा?

मु. पो. फलटण
पाठवतो कशाला, घरी आणून देतो. आईंचा पण एक काढू रथाबरोबर. रथ गावभर फिरतो, खुर्ची दारात टाकली की झालं.

खाजन
गोव्याहून. आमच्याकडे २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर फुलापानांची कोपेलां घालून पोरं विहिरीत उड्या मारतात, शिवोलीला होड्या सजवून नदीतून येतात. भर पावसात. एका हाताने छत्री, एका हाताने कॅमेरा, आणि कुणीतरी मागून बादलीभर पाणी ओततंच. त्यांना ओरडता येत नाही, सणच तो आहे. मला पण भिजवलंच पाहिजे असं त्यांचं प्रेम.
दुखणं वेगळं आहे. पावसाळा संपेपर्यंत लेन्सला बुरशी. काय करता तुम्ही लोक?

कऱ्हाकाठ
तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पिठूळ धूळ आत जाते. हवाबंद डबा, निळं सिलिका जेल, आणि आत छोटा आर्द्रता मीटर. चाळीस-पन्नास टक्क्यांवर राहू द्या. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद तापवा, पुन्हा निळं होतं. आणि चामड्याच्या बॅगेत लेन्स कधीच ठेवू नका, बुरशी तिथूनच येते.

खाजन
देव बरें करूं 🙏

उंबरठा
वाचून बरं वाटलं आणि रागही आला. आमच्या तालुक्यात पुराच्या वेळी मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एका बाईचा फोटो काढला, शेळी खांद्यावर घेऊन येणारी. तो एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर झळकला, माझं नाव नाही, विचारणा नाही. त्या बाईचंही नाव नाही. मला माझ्यापेक्षा तिचं वाईट वाटलं. "मदतीचा हात" असं खाली छापलेलं आणि तिला मदत कसलीच मिळालेली नव्हती.

कायद्याचं_बोला
हे लक्षात ठेवा मंडळी. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कुणी पैसे देऊन फोटो काढायला सांगितला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला हक्क त्या माणसाचा. म्हणून लग्नाच्या ऑर्डरला विसार घेतानाच कागदावर लिहून घ्या की फोटो माझ्या कामाचा नमुना म्हणून वापरीन. पण तुम्ही स्वतःहून, कुणाच्या सांगण्याशिवाय काढलात, जसा उंबरठा यांनी काढला, तर हक्क तुमचाच. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो तुमच्या हयातीनंतरही साठ वर्षं राहतो. मूळ फाइल जपून ठेवा, तीच पुरावा.

उंबरठा
मूळ फाइल आहे. धन्यवाद, कुणीतरी नीट सांगितलं. ती बाई कुठे राहते ते माहीत आहे मला. प्रिंट नेऊन देतो आधी, नोटिशीचं नंतर.

अर्जंट_पासपोर्ट
छोटा स्टुडिओ आहे. एप्रिल २०२१ ला लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास अशी अट आली तेव्हा हातातल्या सगळ्या ऑर्डरी रद्द. दोन लेन्स विकल्या, कॅमेऱ्याची बॉडी ठेवली. त्या काळात सगळ्यात जास्त काय मागितलं असेल लोकांनी तर जुन्या ग्रुप फोटोतून एकच चेहरा मोठा करून द्या. हारासाठी. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, गणपती मंडळाचे, सत्यनारायणाचे फोटो घेऊन यायचे. मास्कमागून रडायचे. मी रात्र रात्र बसून बाजूच्या माणसाचा खांदा पुसून चेहरा स्वच्छ करायचो. निम्म्या लोकांकडून पैसे मागितलेच नाहीत, माझ्याकडूनही मागवले नसते.
तेव्हापासून गावात कुठल्याही कार्यक्रमाला गेलो की म्हाताऱ्या माणसांचा एकेकट्याचा फोटो काढतो. कुणी सांगितलेला नसला तरी. पारावर उजेड चांगला असतो, सकाळी नऊच्या आत.

तालमीतला
हे मी पण करणार भावा. वस्तादांपासून सुरुवात.

पाटावरची_आमटी
माझ्या सासऱ्यांना कॅमेरा दिसला की ते टोपी काढतात. टोपीशिवाय ते कुणालाच ओळखू येत नाहीत! काय करू?

अर्जंट_पासपोर्ट
कॅमेरा खाली धरा आणि बैलांबद्दल विचारा.

सुपारी_हळकुंड
बैल नसतील तर जावयाबद्दल 😄 चला, उद्या पहाटे हळद आहे बारामतीला, बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्यात. बाकी परवा लिहिते. कऱ्हाकाठ काका, ती पेटी आता माळ्यावर ठेवू नका, खाली घ्या.