स्त्री-अभ्यासात एम.ए. करून पुढे काय?

मध्यमा
काल इथे एका काकांनी लिहिले की, त्यांच्या मुलीला बी.ए.नंतर स्त्री-अभ्यासात एम.ए. करायचे आहे, पण ‘दोन वर्षे घोषणा शिकायच्या आणि मग घरी बसायचे’ हे त्यांना मान्य नाही. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हाच अभ्यासक्रम करून मी सात वर्षे एका तालुक्याच्या गावी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत समुपदेशन करते आहे. मागच्या महिन्यात एक बाई आल्या आणि ‘ते मारत नाहीत हो, मग तक्रार कसली लिहायची?’ असे म्हणून उठू लागल्या. मी एवढेच विचारले की रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाजवळ असते. तिन्ही सासूच्या कपाटात कुलपात होती आणि एसटीच्या भाड्याचे पैसे त्यांनी शेजारणीकडून उसने आणले होते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने आर्थिक छळ हाही हिंसाचारच ठरतो. कलम कोणीही पाठ करील, पण तो प्रश्न विचारायला मी वर्गात शिकले.

बाबा_चिंचवड
तो बाप मीच. ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण पगाराचा आकडा तुम्ही लिहिलेला नाही. मी कर्ज काढून मोठ्या मुलाला शिकवले आहे, धाकटीच्या बाबतीत डोळे मिटून उडी मारणार नाही. शिवाय हे सगळे बाहेरून आलेले खूळ आहे, असे माझे मत आहे.

रानजाई
खूळ कसले? मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे केले आणि त्याच वर्षी देशातील स्त्रियांच्या स्थितीवरचा समितीचा अहवाल आला. आपल्याच बायकांचे घटते प्रमाण आणि घटता रोजगार पाहून हा विषय वाढला. नोकरीचेच म्हणाल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती आणि तिच्यावर बाहेरची एक सदस्य सक्तीची केली आहे.

तासिका_नऊ_वर्षे
त्या बाहेरच्या सदस्याला नियमाने दिवसाला २०० रुपये भत्ता आहे, हेही सांगा! आणि प्राध्यापकीची आशा तर कोणी दाखवूच नये. मी नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहे आणि नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. जितके तास घेतले तितकेच पैसे मिळतात, मे महिन्यात एक छदाम मिळत नाही, आणि गेल्या वर्षीचे बिल दिवाळीनंतर निघाले. विद्यापीठांतली स्त्री-अभ्यास केंद्रे तर पंचवार्षिक योजनेच्या निधीवर उभी राहिली. २०१७ साली बारावी पंचवार्षिक योजना संपली, तेव्हा ही केंद्रे पुढे चालणार की नाही याचीच चिंता होती.

रानजाई
हे तासिकेचे दुखणे मराठीचे, इतिहासाचे, अर्थशास्त्राचेही आहे. त्याचे खापर या एकाच विषयावर का फोडता?

तासिका_नऊ_वर्षे
कारण इतिहासवाल्याला निदान कनिष्ठ महाविद्यालय तरी असते, या विषयाला अकरावी-बारावीत जागाच नाही! माझी बायको शिवणकाम करून घर चालवते. मला तत्त्वे सांगू नका.

मध्यमा
सर, तुमचे दुःख खरे आहे आणि अकरावी-बारावीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. पण ज्या बाईच्या शिवणकामावर घर चालते, तिच्या श्रमांची मोजदाद कोण करते, हाच या विषयाचा पहिला धडा आहे. काका, आकडा विचारलात, तर मला बावीस हजार मिळतात, तेही अकरा महिन्यांच्या करारावर. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बचत गटांत, जिल्हा कार्यालयांत आणि संस्थांत कामे निघतात, मात्र तिथे समाजकार्याची पदवी मागितली जाते आणि आमचे अर्ज बाजूला पडतात.

बाबा_चिंचवड
म्हणजे माझी काळजी चुकीची नव्हती, एवढे तरी कबूल केलेत. पण त्या कपाटाची गोष्ट मी काल घरी वाचून दाखवली, तेव्हा हिची आई बराच वेळ काही बोलली नाही. मुलीला अर्ज भरू देतो, मात्र सोबत एम.एस.डब्ल्यू.चा, म्हणजे त्या समाजकार्याच्या पदवीचाही, भरायला लावणार आहे.

मध्यमा
दोन्ही भरू द्या, आणि प्रवेश कुठेही मिळाला तरी सुट्टीत तिला पंधरा दिवस माझ्या केंद्रावर पाठवा.