मागे टेम्पो धावत असताना कोकणातली सायकल सहल ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकावी का?

खाडीपल्याड
अलिबाग ते रत्नागिरी, सागरी मार्गाने, पाच मुक्काम, बारा सायकलस्वार. हल्ली अशा सहलींच्या जाहिरातीत ‘शून्य प्रदूषण’ हमखास असतं. आता हिशेब बघा. सामान आणि सुटे भाग घेऊन टेम्पो मुंबईहून अलिबागला येतो, सुमारे १०० किमी. मग मार्गावर मागेपुढे करत ३५०. रत्नागिरीहून सायकली लादून मुंबईला परत ३४०. एकूण ७९०. लिटरला १० किमी धरले तर ७९ लिटर डिझेल. एक लिटर जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे २१२ किलो. माणशी साडेसतरा.

माझं म्हणणं सरळ आहे. टेम्पो बंद करा. सामान दर मुक्कामाहून पुढच्या मुक्कामी गावातल्या तीनचाकीने पाठवा, परतीला रेल्वे धरा. ते जमत नसेल तर निदान ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द तरी गाळा.

डबलबेल
कागदावर छान आहे. प्रत्यक्षात सामानाची तीनचाकी सकाळी आठला निघते आणि दहाला पुढच्या मुक्कामी पोचलेली असते. अकराला केळशी-आंजर्ल्याच्या चढावर कुणाला ऊन लागलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर काय करणार? तिथे पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची. सावली, अंगावर पाणी, काखेत आणि मानेला बर्फ, आणि मग गाडी. १०८ ला फोन लावायचाच, पण खाडीच्या वळणांत रेंज मिळेलच असं नाही आणि रुग्णवाहिका कुठून निघणार हे आपल्या हातात नसतं. टेम्पोत बर्फाची पेटी असते ती हौसेखातर नाही.

दुसरं, तुमच्या तीनचाकीचा हिशेब अर्धाच आहे. ती सामान टाकून रिकामी परत येते. मार्ग २७० किमीचा धरला तर धाव ५४० होते. लिटरला २५ किमी धरले तरी साडेएकवीस लिटर. टेम्पोचे मार्गावरचे ३५. वाचले किती? साडेतेरा लिटर, माणशी तीन किलो. एवढ्यासाठी बर्फाची पेटी सोडायची?

खाडीपल्याड
रिकाम्या फेरीचा मुद्दा मान्य. पण तुमच्याच आकड्यांत मोठा चोर वेगळा निघतो: मुंबई-अलिबाग आणि रत्नागिरी-मुंबई मिळून ४४० किमी, ४४ लिटर. निम्म्याहून जास्त डिझेल सहलीच्या बाहेर जळतं. जाताना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो बोट (वाहनं नेणारी) सायकली घेते. तिथून अलिबाग २० किमीच्या आत, सरावाची सवारी म्हणून उत्तम.

सुरक्षिततेबद्दल: रोजच्या टप्प्याचे दोन भाग करा आणि प्रत्येक भागासाठी एक रिक्षावाला आधीच ठरवा. ‘गरज पडली तर फोन करतो’ असं ठरवू नका, तो त्या दिवशी लग्नाचं भाडं घेऊन दापोलीला गेलेला असेल. त्याला अर्ध्या दिवसाचे थांबण्याचे पैसे द्यायचे, बोलावलं तरी, नाही बोलावलं तरी. बर्फाची पेटी त्याच्याकडे. सर्वांत मागे प्रथमोपचार येणारा स्वार. आणि मोबाइलची सिमकार्डं दोन वेगळ्या कंपन्यांची.

अवजड स्क्रू
सामान आणि माणसाचं झालं, सायकलीचं कुणी बोललंच नाही. टेम्पो काढायचा असेल तर आधी ताफा एकसारखा हवा. सगळ्यात जास्त अडवणूक करतो तो मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा. बोटीत सायकली एकमेकींवर आडव्या टाकल्या की तो वाकतो, पुढच्या चढावर हलका गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये जातो. हँगर मॉडेलनुसार वेगळा असतो. बारा सायकली पाच प्रकारच्या असतील तर पाच हँगर बाळगा. एकाच मॉडेलच्या असतील तर दोन पुरतात. साखळी तोडून एकाच गिअरवर चालवण्याचा उपाय सगळे सांगतात, पण हल्लीच्या फ्रेमला चाक मागे सरकवायला जागा नसते. साखळी सैल राहते, नाहीतर शेजारच्या चकतीवर चढते. सपाट रस्त्यावर चालून जाईल, खाडीतून वर येताना नाही.

ट्यूबचंही तेच. गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हला बसतं, सायकलीच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला नाही. प्रत्येकाच्या पिशवीत पितळी अडॅप्टर हवा. रिम रुंद असेल तर भोक साडेआठ मिमीचं करून जाड व्हॉल्व्हच्या ट्यूब घालता येतात. अरुंद रिमवर हा उद्योग करू नये, रिम कमजोर होते.

आणि चढ कोकणातले आहेत. पुढची लहान चकती आणि मागची मोठी चकती सारख्या दातांच्या नसतील, तर अर्धे लोक ढकलतच येणार आणि मग टेम्पोची आठवण येणार.

नारळीपोफळी
टेम्पोवरून हाणामारी चाललीय आणि एसीकडे कुणाचं लक्ष नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. आठ तास, आठ युनिट. आपल्याकडच्या विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. खोलीमागे रात्रीला साडेपाच किलो, दोघांत वाटून पावणेतीन, पाच रात्रींचे चौदा. टेम्पोचे साडेसतरा, एसीचे चौदा. फरक उरला किती? नोव्हेंबर ते फेब्रुवारी किनाऱ्यावर रात्री एसी लागत नाही. खिडकीला जाळी, पलंगाला मच्छरदाणी आणि डोक्यावर धड पंखा लागतो. खोली ठरवताना ‘एसी आहे का’ विचारण्याऐवजी ‘जाळी आहे का’ विचारा.

पाणी: बारा जण, रोज माणशी पाच लिटर, पाच दिवस, म्हणजे ३०० लिटर. बाटल्या घेतल्या तर ३०० बाटल्या, आणि बऱ्याच गावांत कचऱ्याची शेवटची जागा म्हणजे खाडीकाठचा ढीग किंवा काडेपेटी. वीस लिटरचे तीन जार रोज मुक्कामावर सांगून ठेवा. गाळणी नेतो म्हणणाऱ्यांसाठी: गाळणीने गढूळपणा आणि जंतू जातात, खार जात नाही. मार्चनंतर समुद्राजवळच्या विहिरी मचूळ होतात. तिथे गाळणी काही कामाची नाही. घामातून गेलेल्या क्षारांसाठी ओआरएसची पाकिटं फाडत बसण्यापेक्षा कोकमाचं आगळ, साखर, मीठ आणि पाणी. आगळ आधीच खारट असतं, चव बघून मीठ घाला.

अजून एक, साखळी धुवायला डिझेल वापरून ते माडाच्या आळ्यात ओतणारे महाभाग आहेत. कोरड्या फडक्याने पुसा, दर कडीवर एक थेंब तेल, पुन्हा पुसा. फडकी पिशवीत बांधून शहरात परत.

वाळूवरची रेघ
यात किनाऱ्यावरची सवारी राहिली. वेळास, आंजर्लं, गुहागर भागात ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. म्हणजे तुमचा ऐन हंगाम. मादी रात्री येऊन जाते. पहाटे कासवमित्र किनारा चालतात ते तिने वाळूत ओढलेली माग-रेषा शोधत. त्या रेषेवरून घरटं सापडतं आणि अंडी संरक्षित कुंपणात हलवली जातात. सूर्योदयाच्या फोटोसाठी बारा सायकली तिथून गेल्या की रेषा पुसली. घरटं सापडलं नाही तर कुत्री आणि कोल्हे ते शोधतातच.

डबलबेल
मग दहानंतर, ओहोटीच्या ओल्या वाळूवर चालवली तर? तोवर गस्त संपलेली असते. लोक निम्मे त्याच फोटोसाठी पैसे भरतात हो.

अवजड स्क्रू
कासवाला चालेल, सायकलीला नाही. खारं पाणी आणि बारीक वाळू पॅडलच्या मधल्या बेअरिंगमध्ये शिरते, साखळी दुसऱ्या सकाळी तांबूस. मग सायकलीमागे पाच-सहा लिटर गोडं पाणी, तेही वर सांगितलेल्या विहिरींचं. सायकल रस्त्यावर लावा आणि चालत जाऊन फोटो काढा.

फेरीबोटीवरही तेच पथ्य. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळाने बुळबुळीत असतो, चढउतार सायकल हातात धरूनच.

पार्सलबाबू
परतीच्या रेल्वेबद्दल. दुसरीकडून येणाऱ्या गाड्या रत्नागिरीला काही मिनिटंच थांबतात. बारा सायकली पार्सल डब्यात चढेपर्यंत गाडी हलते, चार चढतात, आठ फलाटावर. रत्नागिरी-दिवा पॅसेंजर रत्नागिरीहूनच सुटते, त्यामुळे चढवायला वेळ मिळतो. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात सांगून ठेवा, फ्रेमला दोन ठिकाणी नाव आणि ‘कुठून-कुठे’ची चिठ्ठी बांधा.

दुसरा मार्ग पिशवीचा. दोन्ही चाकं आणि पॅडल काढा, हँडल फिरवून फ्रेमला बांधा. फोर्कच्या टोकांत लाकडाचा ठोकळा घाला, नाहीतर दाबून वाकतात. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची जाड पट्टी अडकवा. चाक नसताना कुणी लिव्हर दाबला की पॅड चिकटतात आणि डिस्क आत जाईना म्हणून फलाटावर नाच सुरू होतो. एका डब्यात तीनच पिशव्या, बाकीच्या दुसऱ्या डब्यांत.

डबलबेल
रेल्वे पटली, ४४ लिटरचा मुद्दाही पटला. पण मग टेम्पो अलिबागचाच भाड्याने घ्यावा लागेल, आणि तो रत्नागिरीहून रिकामा परत जाणार. रस्त्याने तेही अडीचशेच्या आसपास.

नारळीपोफळी
अजून गोम आहे. न्याहरी-निवासवाल्या घरगुती ठिकाणी तीन-चार खोल्या असतात. बारा जण आले की दोन घरांत विभागायचे, नाहीतर सगळे रिसॉर्टवर. त्या घरांना आठ जण सोयीचे.

खाडीपल्याड
आणि आठ जणांवर तोच टेम्पो नेलात तर २१२ भागिले ८, माणशी साडेसव्वीस किलो. म्हणून तर म्हणतो, लहान गट आणि टेम्पो हे एकत्र बसत नाही. जाहिरातीत ‘हरित’ लिहिण्याऐवजी प्रत्येक सहलीला किती लिटर डिझेल जळलं ते छापा.

डबलबेल
छापतो. शेजारी थांबण्याच्या पैशांचा आकडाही छापू, रोज दोन रिक्षावाले, पाच-सहा दिवस. आठ जणांत तो वाटला की शुल्क कितीने वाढतं ते बघून किती जण नाव नोंदवतात ते मग बोलू.