गेमच्या जुन्या मालिकांना काय हवं: नवा डाव की घोटून पक्कं केलेलं काम?

नवीपेठकर: गड्ड्याच्या जत्रेत मित्राशी वाद झाला. तो म्हणतो, झेल्डा मालिकेच्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये (२०२३) २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चाच नकाशा आहे, पुन्हा पैसे कशाला मोजायचे? मला अजिबात पटत नाही. नकाशा हाताशी होता म्हणून तर 'अल्ट्राहँड', म्हणजे वस्तू एकमेकींना जोडायची शक्ती, एवढी नीट बसवता आली. फळ्या, चाकं, पंखे कसेही जोडा, गाडी चालते. उलटली तर चूक आपली असते, गेमची नाही. मालिकेचा दरवेळी नवा जन्म कशाला? हातातलं काम पक्कं करा.

सातरस्ता१९: काय बे, सोयीचं उदाहरण घेतलास की. २०१७ ला झेल्डावाल्यांनी जुनी घडी मोडली, म्हणून पुढं घोटायला काहीतरी उरलं. रेसिडेंट इव्हिल ही भयपटासारखी मालिका बघ. सहाव्या भागात (२०१२) नुसती मारधाड, भीती गेलीच. सातव्यात (२०१७) कॅमेरा थेट पात्राच्या डोळ्यांत आणला, एका पडक्या घरात कोंडलं. त्या जेवणाच्या टेबलापाशी मी हेडफोन काढून ठेवले होते.

नवीपेठकर: मान्य. पण पीईएस या फुटबॉलच्या गेमचं काय झालं? २०२१ ला नाव टाकलं, इंजिन बदललं, 'ईफुटबॉल' आणला, तर खेळाडूंचे चेहरेच वेडेवाकडे. कॅफेत रात्र रात्र खेळून हातात बसलेला पास गेला. फार लागलं ते मनाला.

मागावरचा: वडील चादरीच्या कारखान्यात होते. जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, नवी नक्षी हवी तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलतात, माग तोच राहतो. पण नक्षी नवी आहे म्हणून ढिला ताणा कुणी खपवून घेत नाही. ॲसॅसिन्स क्रीडच्या 'युनिटी'त (२०१४) पॅरिस देखणं होतं, आणि पात्रांचे चेहरे गायब! मग २०१६ ला मुख्य भाग आणलाच नाही, २०१७ च्या 'ओरिजिन्स'मध्ये लढाईची पद्धतच बदलली, तीही नीट. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते दोन्ही वेळेअभावी बिघडतं.

सातरस्ता१९: वेळेचं पटलं, दादा. पण वेळ मिळाला म्हणून धाडस येत नाही. रेसिडेंट इव्हिल ४ चा २०२३ चा रीमेक सुंदर आहे, तरी २००५ ला खांद्यामागच्या कॅमेऱ्यानं जी उडी मारली ती त्यात कुठंय?

नवीपेठकर: २००५ ला नेम धरला की त्यातला नायक लिऑन जागीच खिळायचा. आता चालत नेम धरतो, सुरीनं वार अडवतो. तेवढ्यासाठी मी अख्खा गेम दोनदा खेळलोय.