सही नाही म्हणून भरपाई नाही

काहींचा मुद्दा असा की अमेरिकेच्या 1927 च्या गोदी कामगार भरपाई कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्यात, मग त्याच्या परिणामांवर वेगळी देखरेख कशाला? दुरुस्त्या झाल्या हे खरं. 1972 ची तर फारच गरजेची होती, कारण तोवर पाण्यावरच्या अपघाताला भरपाई आणि लगतच्या धक्क्यावरच्या अपघाताला नाही, असा प्रकार होता. पण चांगल्या हेतूने घातलेलं कलम कोणाच्या मुळावर येतंय, हे त्याने कळत नाही.

कलम 33(जी) बघा. कामगाराने तिसऱ्या पक्षाशी (म्हणजे अपघाताला जबाबदार असलेल्या, पण त्याला कामावर न ठेवणाऱ्या कोणाशी) स्वस्तात तडजोड करून उरलेला बोजा मालकावर टाकू नये, म्हणून अशा तडजोडीला मालकाची आणि त्याच्या विमा कंपनीची आधी लेखी मंजुरी लागते. नसेल तर पुढची भरपाई बंद. काउअर्ट खटल्यात समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मवर हाताला इजा झालेल्या कामगाराने प्लॅटफॉर्म ज्या कंपनीचा होता तिच्याशी, म्हणजे तिसऱ्या पक्षाशी, 45,000 डॉलरवर तडजोड केली. ती सगळी रक्कम आपसातल्या करारानुसार भरली कोणी, तर त्याला कामावर ठेवणाऱ्या कंपनीनेच! म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, फक्त मंजुरीच्या कागदावर सही नव्हती. 1992 त सर्वोच्च न्यायालयाने त्याचा हक्क गेला असाच निकाल दिला. परिणाम कठोर आहे हे मान्य केलं, पण कायदा बदलणं काँग्रेसचं, म्हणजे अमेरिकी संसदेचं, काम म्हटलं. कलम अजून तसंच आहे. निव्वळ सहीअभावी किती दावे बुडाले, याची दरवर्षी वेगळी नोंद जाहीर व्हायला हवी, एवढी माझी मागणी आहे.