‘६६ टक्के हेट’ला मराठीत काय म्हणावं?

संत्रावाला, वरुड
भाचा नागपुरात शिकते. त्याले बॉल पायथन, म्हणजे परदेशी जातीचा अजगर, पाळायचा हाय. विकणाऱ्यानं व्हॉट्सॲपवर पिल्लाचा फोटो पाठवला: काळं-तपकिरी, अगदी साधं. खाली लिहिलं, ‘नॉर्मल, ६६ टक्के हेट अल्बिनो’. भाचा म्हणते, मामा, यात ६६ टक्के अल्बिनो हाय. मी म्हनलं, मंग जरासा तरी पांढरा काऊन दिसत नाही? हे ‘हेट’ काय प्रकरण आहे, आणि मराठीत त्याला शब्द आहे का?

मास्तर, आर्वी
‘हेट’ म्हणजे हेटरोझायगसचं शेपूट तोडून केलेलं बाजारी रूप. पुस्तकातला मराठी शब्द विषमयुग्मजी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही सारख्या तर समयुग्मजी, वेगळ्या तर विषमयुग्मजी. अल्बिनोचं जनुक अप्रभावी आहे, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती आल्या तरच काळा रंग जातो. एकच आली तर साप साधाच दिसतो, पण ती प्रत पुढच्या पिढीला देऊ शकतो. मेंडेलनं १८६६ साली वाटाण्यावरून मांडलं ते हेच.

जुन्या पुस्तकांत अप्रभावीला ‘सुप्त’ म्हणत. मला तो शब्द पटत नाही. झोपलाय म्हटलं की कधीतरी उठेल असं वाटतं, आणि हा साप म्हातारा झाला तरी पांढरा होणार नाही.

आता ६६. भाऊ, तुमच्या भाच्याची गल्लत इथे आहे. दोन हेट सापांची जोडी लावली तर सरासरी चार पिल्लांत एक अल्बिनो, दोन हेट, एक पूर्ण साधं. अल्बिनो अंड्यातून निघताच ओळखू येतं, ते बाजूला काढलं. उरली तीन, दिसायला एकसारखी, त्यांतली दोन हेट. कोणती दोन ते कळत नाही, म्हणून तिघांवरही ‘६६ टक्के’ची चिठ्ठी. पिल्लू एकतर हेट आहे किंवा नाही. अर्धंमुर्धं काही नसतं.

सिस्टर, कुरखेडा
आमच्या गडचिरोलीत याला रोजचा शब्द आहे: वाहक. सिकलसेल हा रक्ताचा आजारही असाच अप्रभावी. एएस पॅटर्न म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजारी. आई-बाप दोघं एएस, एक लेकरू एसएस आणि त्याची बहीण धडधाकट, तर ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. सरांचं ६६ ते हेच. पण तिचा रिपोर्ट आला की टक्का संपला, मग एएस किंवा एए, म्हणजे दोन्ही प्रती चांगल्या. सापाची अशी तपासणी होत नाही का?

मास्तर, आर्वी
होते, ताई. परदेशात टाकलेली कात प्रयोगशाळेत पाठवून काही जनुकं तपासतात.

संत्रावाला, वरुड
‘वाहक’ म्हनलं की आमच्याइकडे एसटीचा कंडक्टर उभा राह्यते. ‘संकरित’ म्हटलं तर नाही चालणार? कपाशीच्या पाकिटावर असते तसं.

मास्तर, आर्वी
नको. संकरित कपाशीत दोन वेगळ्या वाणांचा मेळ असतो, शेकडो जागी प्रती वेगळ्या. इथं बोलणं एकाच जनुकाचं चाललंय. शिवाय ‘संकरित साप’ म्हटलं की लोकांना नाग आणि धामणीचं लग्न लागल्यासारखं वाटेल, आणि त्या अफवा आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

सर्पमित्र, अचलपूर
वाहकच बरा. एक बारीक फरक सांगतो. विषमयुग्मजी म्हणजे लपलेलाच, असं नाही. बॉल पायथनमध्ये ‘पेस्टल’ नावाचा रंग एका प्रतीवरही उघड दिसतो. तो साप विषमयुग्मजी आहे, पण त्याला कोणी हेट म्हणत नाही. पाळणारे हेट फक्त लपलेल्यालाच म्हणतात, म्हणजे त्यांचा अर्थ वाहकाच्याच जवळचा.

‘शंभर टक्के हेट’ म्हणजे आई किंवा बाप स्वतः अल्बिनो, तेव्हा शंकाच नाही. ‘५० टक्के’ म्हणजे एक पालक हेट, दुसरा साधा. खात्री करायची तर ते पिल्लू मोठं करून अल्बिनोशी जोडी लावतात. एक जरी अल्बिनो निघालं तरी सिद्ध झालं. साप खरंच वाहक असून सहाच्या सहा पिल्लं साधी निघण्याची शक्यता ६४ मध्ये एक. तेव्हा सहा साधी निघाली तर जवळजवळ नाहीच समजा, पण शपथेवर नाही.

अन् अल्बिनो अल्बिनोतही फरक असतो. बॉल पायथनमध्ये साधा अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो यांची जनुकं वेगळी. दोघांची जोडी लावली तर पिल्लं सगळी गडद, प्रत्येक जण दोन्हींचा वाहक. हौशी माणूस कपाळावर हात मारतो. म्हणून ‘हेट’ एकटं कधी लिहू नये, कशाचा हेट ते लिहावंच.

जाता जाता: हे सगळं परदेशी सापाबद्दल, आणि त्याचीही केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद लागते, भाच्याला सांगा. आपला अजगर, धामण, नाग घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पांढरा निघाला तरी. पांढरा नाग निघाला की गावात नारळ फुटायला लागतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सिस्टर, कुरखेडा
मग मराठीत ‘अल्बिनोचा संभाव्य वाहक, तीनात दोन’. टक्के लिहूच नये. टक्का ऐकला की माणूस अंगातलं प्रमाण समजतो. आमच्याकडे ‘मला किती टक्के सिकलसेल आहे’ विचारतात.

संत्रावाला, वरुड
हे झकास. भाच्याले पाठवलं. त्यानं विकणाऱ्याले आई-बापाचे फोटो मागितले. बाप पांढरा-पिवळा, लाल डोळ्यांचा; आई साधी. आता?

सर्पमित्र, अचलपूर
बाप अल्बिनो असेल तर सगळीच पिल्लं पक्की वाहक, ६६ आलं कुठून? एकतर लिहिणाऱ्यालाच हेट समजलेलं नाही, नाहीतर बाप दुसरा आहे. पायथनची मादी नराचं बीज काही महिने पोटात साठवून ठेवू शकते, तेव्हा आधी कोणत्या नरासोबत ठेवली होती ते विचारायला लावा. पैसे त्यानंतर.